आफ्रिकेचा वाघ, मुक्काम सोलापूर

"तोंड मीट! मीट म्हणतो ना! मराठीत पाणी मागतोस व्हय रे? साऱ्या गावासमोर?"

अध्यक्ष ओरडत होते. मंडपाच्या मागं, कनातीच्या आडोशाला. एका हातानं त्यांनी माझी जर्सी गळ्यापाशी धरलेली, दुसऱ्या हातात माईक. माईक बंद होता हे त्यांचं नशीब. पुढं बारा वर्षांनी तसलाच माईक चालू असताना जे झालं, ते सांगायलाच बसलोय.

मे महिना. हाफटाइम. सोलापूरचं ऊन ज्यानं खाल्लं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. त्या दिवशी क्रॉसबारवर एक कावळा बसला आणि पाय भाजून जो उडाला, तो म्हणे पार होटगी गावात पाण्याच्या टाकीवरच उतरला. मी पंचेचाळीस मिनिटं पळून आलो होतो. जिभेची पार सुकट झालेली. मी एवढंच म्हणालो होतो, "ओ काका, पाणी द्या की वाईच."

बस. एवढाच गुन्हा.

"परदेशी खेळाडू हायस तू," अध्यक्षांनी जर्सीला हिसका दिला. "पाणी पायजे तर खुणेनं माग."

मी खुणेनं मागितलं. मंडपासमोर, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपुढं उभं राहून हाताची ओंजळ केली आणि तोंडाकडं नेली. रांगेतला एक पांढरा शर्ट उठला. त्यानं बाटली माझ्या हातात दिली नाही. वरून धार धरली. आधी ओंजळीत, मग गंमत म्हणून डोक्यावर. लोक हसले. मी प्यालो. तहान होती.

मी गोष्टी वाढवून सांगतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. कावळ्यात मीठ घातलंय, कबूल. ओंजळीत घातलेलं नाही. ती होती तेवढीच.

आता मी परदेशी कसा झालो ते ऐका.

माझा जन्म सोलापुरात, सरकारी दवाखान्यात. अम्मा विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर बसते. टॉवेलच्या कडा दुमडायच्या, शिवायच्या, कोपऱ्यात लेबल लावायचं. तिनं आजवर शिवलेले टॉवेल एकापुढं एक अंथरले तर आमच्या सात रस्ता चौकापासून थेट टांझानियापर्यंत पाय न भिजवता चालत जाता येईल. टांझानिया अशासाठी, की बाबा तिकडचे. औषधशास्त्र शिकायला सोलापूरला आले, शिकले, आणि परत जायचं विसरले. सात रस्त्याजवळ औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे असतात. गावाकडनं आलेल्या म्हाताऱ्या पहिल्यांदा दचकतात, मग त्यांनाच शोधत येतात. कारण दुसरा कुणी एवढ्या निगुतीनं सांगत नाही. "मावशी, ही पांढरी गोळी जेवायच्या आदी. पिवळी मागनं. उलटं केलंसा तर माझ्यावर बोल न्हाय हं."

स्वाहिलीतही बापाला बाबाच म्हणतात. चहाला चाय, चपातीला चपाती. लहानपणी मला वाटायचं ही एकच भाषा आहे, फक्त बाबा ती जरा वेगळ्या चालीवर म्हणतात.

तर असा मी. घरात तीन भाषा, गल्लीत दख्खनी धरून चार. आणि पायात बॉल.

सतरा वर्षांचा असताना माझं एकच वेड होतं. जिल्ह्याच्या संघाची जर्सी. छातीवर मोठ्या अक्षरात 'सोलापूर'. पुढं काय, त्याचा विचारच नव्हता. ती जर्सी घालून सात रस्त्यावर एक फेरी मारायची आणि रोज मला "ए आफ्रिका" म्हणून हाक मारणाऱ्या प्रत्येक टपरीसमोर थांबून चहा प्यायचा. एवढंच.

आणि जिल्ह्याची निवड अध्यक्षांच्या हातात. हे आमच्या भागातल्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष, आणि निवड समितीवरही तेच. दर उन्हाळ्यात ते स्वतःच्या नावाचा चषक भरवायचे. त्या चषकाची एक रीत होती. यजमान संघात एक परदेशी खेळाडू पाहिजेच. पुण्याला शिकायला आलेला कुणीतरी आफ्रिकन मुलगा चार दिवसांसाठी आणायचा, त्याचा फ्लेक्स चौकात लावायचा, की गर्दी आपोआप. लोक मॅच बघायला कमी आणि त्याला बघायला जास्त यायचे. त्या वर्षी फ्लेक्स लागला, गर्दी जमली, आणि पुण्याच्या मुलानं फोनच बंद करून ठेवला. दुसऱ्या गावानं पळवला म्हणे.

अध्यक्ष आमच्या घरी आले. उभ्या जन्मात पहिल्यांदा. अम्मानं दिलेला चहा बशीत ओतून प्याले आणि मला म्हणाले, "एक मॅच फॉरेनर हो. जिल्ह्याच्या यादीत तुझं नाव मी माझ्या हातानं लिवतो."

मी हो म्हणालो. कुणी जबरदस्ती केली नाही. माझ्या तोंडानं म्हणालो. या सगळ्यात माझी एवढी चूक आहे आणि ती मी कुणाच्या खात्यावर टाकत नाही.

रातोरात फ्लेक्सवरचा चेहरा बदलला. खाली अक्षरं तीच: 'आफ्रिकेचा वाघ जॉन्सन.' बाबांनी सकाळी दुकानाला जाताना तो बघितला आणि स्कूटर बाजूला लावून पोट धरून हसले. "आफ्रिकेत वाघ नसतोच की रे," ते म्हणाले. "वाघ हितलाच हाय."

मैदानावर अध्यक्षांनी एक फॉर्म पुढं केला. त्यांच्याच हस्ताक्षरात भरलेला. नाव जॉन्सन. राष्ट्रीयत्व परदेशी. "कर सही." मी केली. आणि मग तो दिवसभराचा उपास. एक शब्द बोलायचा नाही.

तुम्हाला वाटेल, न बोलण्यात काय एवढं? एकदा करून बघा. तुमच्याच गावात, तुमच्याच भाषेत, तुमच्या कानाजवळ चार हजार माणसं तुमच्याबद्दल बोलतायत आणि तुम्हाला काही कळत नाही असा चेहरा करायचाय. माईकवाला सांगत होता, हा गडी सकाळी कच्चं मटण खातो. माझ्या वर्गातल्या दोघांनी मला ओळखलं आणि मजा म्हणून गप्प बसले. एका बाईनं पोराला उचलून दाखवलं, तो बघ, रडलास तर त्याला देईन. पोरगं रडायचं थांबलं. मी त्याच्याकडं बघून हसलो तर परत सुरू.

ते सगळं मी गिळलं. ओंजळही गिळली. सेकंड हाफमध्ये तीन गोल मारले. तिसरा असा, की जाळं फाटून बॉल मागच्या उसाच्या रसाच्या गाड्यावर पडला आणि गुऱ्हाळवाल्यानं तो चरकात घालता घालता थांबवला. चषक आमचा. मला स्टेजवर बोलावलं. अध्यक्षांच्या बाजूला दोन पाहुणे, कारखानदार. त्यातल्या एकानं विचारलं, ओरिजिनल आहे का हो? अध्यक्षांनी माईकवर हात ठेवला, माझ्या खांद्यावर दुसरा हात टाकला आणि त्यांच्या कानाशी वाकले. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर.

"सूत आपलंच," ते म्हणाले. "टॉवेलवालीचं पोरगं हाय. रंग तेवढा बाहेरनं लावून घेतलाय तिनं."

तिघंही हसले. कारखानदार जरा जास्तच, कारण धंद्यातला विनोद होता.

आणि मी हसलो.

मला मराठी येत नव्हती ना. साहेब लोक हसतायत म्हटल्यावर परदेशी माणसानं हसायचं असतं. माझ्या अम्मावर केलेल्या विनोदाला मी बत्तीस दात दाखवले, गळ्यात हार घालून. तो फोटो आहे. दुसऱ्या दिवशी छापूनसुद्धा आला.

तरी मी गप्प राहिलो. जर्सी दिसत होती ना पुढं.

महिन्यानं निवड चाचणी झाली. मी काय खेळलो ते विचारू नका. प्रशिक्षकांनी शिट्टी तोंडातनं काढून कपाळाला लावली. यादी वाचली. अठरा नावं. माझं नाही. मी समितीच्या टेबलापाशी गेलो. पाच जण बसलेले, मधोमध अध्यक्ष. कुणीतरी तो फॉर्म पुढं सरकवला. परदेशी खेळाडूला जिल्हा संघात घेता येत नाही, नियम आहे. मी पिशवीतनं जन्माचा दाखला काढला. आधार कार्ड काढलं. अध्यक्षांनी कार्ड उजेडाला धरून नोटेसारखं बघितलं. "हल्ली काय, कसलं पण बनवून मिळतंय."

मी त्यांच्याकडं बघितलं. आमच्या घरचा चहा बशीतनं प्यालेला माणूस. मी म्हणालो, "अध्यक्ष, तुमाला माहीत हाय की मी कोण हाय. तुमीच मला फॉरेनर केलंसा. सांगा की ह्यांना."

ते माझ्याकडं बघून हसले. मग समितीकडं वळले. आवाजात मध.

"बघा. किती छान मराठी शिकलाय. आपल्या पोरांनी आदर्श घ्यावा."

चारही जणांनी माना डोलावल्या. एकानं चक्क टाळी वाजवली.

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगतो. काही फुटलं नाही, काही पेटलं नाही. थंड झालो. मला कळलं, हा माणूस माझी भाषा मला बक्षीस म्हणून देतोय. मी गप्प राहिलो तर परदेशी, आणि बोललो तर चांगला शिकलेला परदेशी. यातनं सुटायची वाट एकच. ह्याला द्यायचंच नाही. ह्या माणसाला ह्यापुढं माझ्या तोंडचा एक मराठी शब्द मिळणार नाही. मेला तरी नाही, मी मेलो तरी नाही.

मी मोबाईल काढला, टेबलावरच त्या फॉर्मचा फोटो घेतला, आणि चालू लागलो. फाटकाशी बाबा स्कूटर घेऊन उभे होते. मागनं अध्यक्ष आले आणि बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, पोराला तुमच्या देशात न्या. तितं चांगलं हाय त्याला." बाबा मान खाली घालून "व्हय साहेब" म्हणाले. मला बाबांचा त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा अध्यक्षांचाही नाही. घरी येऊन मी भांडलो. अम्मानं मला भिंतीशी घेऊन सांगितलं. बाबांना दर वर्षी इथं राहायचा कागद नवा करून घ्यावा लागतो. कुणा मोठ्या माणसानं एक फोन केला तर कागद अडकतो. "तुझे बाबा वीस वर्षं व्हय साहेब म्हणतायत," ती म्हणाली, "म्हणून तू इथं भांडू शकतोस."

स्टेजवरचा तो विनोद मी तिला सांगितला नव्हता. पण कारखान्यात बातमी माझ्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी अम्मा कारखान्यातनं एक लेबल घेऊन आली. परदेशी जाणाऱ्या टॉवेलच्या कोपऱ्यात शिवतात तसलं, विणलेलं. त्यावर एकच शब्द, 'सोलापूर'. तिनं ते माझ्या जर्सीच्या गळ्याला आतनं शिवलं. मानेला टोचायचं. काढू का विचारलं तर म्हणाली, "टोचू दे."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक जर्सीला ते लेबल आहे. गोव्यात पहिल्या क्लबात घेतलं तेव्हा होतं. बंगालात चिखलात लोळलो तेव्हा होतं. केरळात पहिला मोठा करार झाला, तीस हजार लोकांनी माझं खरं नाव घेऊन स्टेडियम हलवलं, तेव्हाही मानेला टोचत होतं. एक सांगतो, तिथं एका हेडरनं मी गोलकीपरला बॉलसकट जाळ्यात पाठवला होता. तो अजून निघालेला नाही असं ऐकतो. लोक विचारतात, एवढा कशानं पेटून खेळतोस? मी म्हणतो, उन्हाळी लागलीय. प्रत्येक बॉलवर मला एक चेहरा दिसतो आणि मी त्याला लाथ घालतो. दहा वर्षांत किती लाथा झाल्या ते मोजलं नाही.

मग दोन फोन आले, एका आठवड्यात. पहिला बाबांच्या देशाचा. आमच्याकडनं खेळ, आमचा पासपोर्ट घे. दोन्ही ठेवता येत नाहीत, एक सोडावाच लागतो. चुलत्यांनी दार-ए-सलामहून गाणी म्हटली फोनवर. दुसरा फोन भारताच्या शिबिराचा. चाचणीला ये. बाबा म्हणाले, तुझं तू ठरव. मी ठरवलं. हा पासपोर्ट सोडणार नाही. प्रेमानं म्हणाल तर नाही, तसलं भाषण माझ्याकडनं मिळणार नाही. सोडला असता तर सात रस्त्यावर अध्यक्षांनी मांडीवर थाप मारून सांगितलं असतं, बघा, मी म्हणत नव्हतो का, परदेशीच होता. त्या थापेचा आवाज मला ऐकायचा नव्हता.

शिबिरात निवड झाली. बातमी आली. आणि चौथ्या दिवशी सात रस्त्यावर फ्लेक्स. माझा फोटो, अध्यक्षांचा त्याहून मोठा. 'सोलापूरचा सुपुत्र. घडविणारे हात: अध्यक्ष.' त्यांना आता राज्याच्या संघटनेवर जायचं होतं. त्यासाठी माझ्या तोंडून एक वाक्य पाहिजे होतं, चालू माईकवर: मला अध्यक्षांनी घडवलं. निरोपावर निरोप. अम्मा म्हणाली, त्या माणसाच्या मंडपात मी पाय ठेवणार नाही. मी म्हणालो, मी जातो.

तेच मैदान, तसाच मंडप, तोच मे महिना. शाल, नारळ, मानपत्र. समोर सगळं सोलापूर. अध्यक्षांनी दहा मिनिटं सांगितलं की त्यांनी मला कसं हेरलं. मग माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "सिसेमी किमराठी."

निवेदक माझ्या तोंडाकडं बघतोय. मी पुढं बोलत राहिलो, अस्सल स्वाहिली, बाबांच्या गावची. लोकांना वाटलं थट्टा. मग वाटेना. अध्यक्ष कानाशी आले, "अरे, मराठीत, मराठीत." मी त्यांच्याकडं न कळल्यासारखं बघितलं आणि हसलो. ते हसू त्यांच्याच स्टेजवर शिकलो होतो.

निवेदकानं विचारलं, ही भाषा कुणाला येते का? दुसऱ्या रांगेतनं बाबा उठले. मी त्यांना आधी काहीच सांगितलं नव्हतं. औषधाच्या दुकानातला पांढरा कोट तसाच अंगावर. स्टेजवर आले. मला स्वाहिलीत हळूच विचारलं, "ऊना उहाकिका?" नक्की ना? मी म्हणालो, नक्की. त्यांनी एकदा अध्यक्षांकडं बघितलं. मग माईक घेतला. मी वाक्य म्हणायचं, त्यांनी सांगायचं.

"पोरगं म्हणतंय, त्याला मराठी येत न्हाय. ते परदेशी हाय, असं अध्यक्षांनी स्वतः लिवून दिलंय."

हशा. मोठा हशा. समोर टांझानियाचा माणूस सोलापूरच्या मराठीत सांगतोय की सोलापुरात जन्मलेल्याला मराठी येत नाही.

"पोरगं म्हणतंय, हितंच त्यानं मराठीत पाणी मागितलं हुतं. तवा त्याला गप केलं. तवापास्नं ते गप हाय. पाणी वरनं वतलं, ते बी त्याच्या ध्यानात हाय."

हशा थांबला.

मी पिशवीतनं फ्रेम काढली. मानपत्राच्या मापाची, सोनेरी काठाची. आत तो फॉर्म, मोठा करून छापलेला. अध्यक्षांच्या हातात दिली. फोटोवाले सवयीनं पुढं आले आणि फोटो काढून मोकळे झाले. बाबांनी चष्मा वर केला आणि फॉर्म वाचला. त्यांनी तो पहिल्यांदाच बघितला. वाचता वाचता त्यांचं बोट खाली सहीवर थांबलं. तिथं मी सतराव्या वर्षी, हाताच्या सवयीनं, महापालिकेच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: जॉन्सन. देवनागरीत. वर पट्टीनं ओढल्यासारखी शिरोरेषा. खाली तारीख, मराठी आकड्यांत. समितीतल्या पाचही जणांना तेव्हा ती दिसली नव्हती. माझ्याही लक्षात फोटो काढल्यावर आलं होतं.

"परदेशी माणसाची सही बघा," बाबा माईकमध्ये म्हणाले, आणि फ्रेम अध्यक्षांच्या हातातच लोकांकडं वळवली.

पहिल्या रांगेतली दोन माणसं उठून गेली. त्यातला एक राज्याच्या संघटनेचा होता. मागं कुणीतरी शिट्टी मारली. मग मैदानभर शिट्ट्या. मी वाकून नमस्कार केला आणि कनातीमागं गेलो. पाण्याची बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि उभ्या उभ्या सगळी प्यालो. स्वतःच्या हातानं.

अध्यक्ष मागनं आले. फ्रेम काखेत, ती कुठं ठेवावी ते कळत नव्हतं. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. एकटे होते. मला वाटलं होतं ओरडतील. नाही ओरडले. म्हातारे दिसत होते. मला जरा दया येईल की काय अशी भीती वाटली. मान हलवली. लेबल टोचलं. दया गेली.

"झालं ते झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "लोकांसमोर नको बोलूस. पण हितं कुणी न्हाय. निस्तं माझ्याशी बोल. शिव्या दे, पण आपल्या भाषेत दे. एक शब्द."

शिव्या माझ्याकडं होत्या. बारा वर्षं साठवलेल्या, चार भाषांतल्या, एकेक कोयत्यासारखी. मी त्यांच्या डोळ्यात बघत उभा राहिलो. एकही दिली नाही. शिवी दिली तरी ते देणंच झालं असतं. येत्या वर्षी येतील, त्याच्या पुढच्या वर्षी येतील, आजारी पडून माझ्या बापाच्या काउंटरवर गोळ्या घ्यायला येतील, तेव्हाही हेच मिळेल.

ते बाबांकडं वळले. "डॉक्टर, तुमी तरी सांगा त्याला."

बाबांनी कोटाची बटणं लावली. दुकान उघडायची वेळ झाली होती.

"त्याला मराठी येत न्हाय," बाबा म्हणाले.